लुळे पाऊल आणि घरचा व्यायाम : डहाणू-तलासरी परिसराच्या संदर्भात पुनर्वसनाच्या इतिहासाची एक दुर्लक्षित बाजू

प्रास्ताविक

महाराष्ट्रातील कुष्ठरोगविषयक कार्याचा इतिहास साधारणतः संस्थांच्या नावांनी सांगितला जातो. मुंबईत १८९० साली स्थापन झालेले वडाळ्याचे ॲकवर्थ रुग्णालय, मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ उभारलेले दत्तपूरचे कुष्ठधाम, डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांचे अमरावतीचे तपोवन, बाबा आमटे यांचे १९४९ पासूनचे आनंदवन ही नावे या विषयावरील प्रत्येक लेखनात येतात आणि ती यावयासच हवीत. मात्र या मांडणीत रुग्ण हा नेहमी कोठेतरी 'दाखल' झालेला असतो. जो दाखल झाला नाही, पाड्यावरच राहिला आणि ज्याचा पाय नसेच्या विकाराने लुळा पडल्यानंतरही त्याला बांधावरून, ओढ्यातून, डोंगरउतारावरून चालावेच लागले, त्याचा इतिहास बहुतेक अलिखित आहे.

प्रस्तुत लेखात 'फूटड्रॉप' या नावाने आरोग्यसेवकांना परिचित असलेल्या, म्हणजे पाऊल लुळे पडून लोंबण्याच्या विकृतीचा आणि तिच्यावरील घरगुती व्यायामांचा विचार केला आहे. त्यासाठी पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी हे तालुके संदर्भक्षेत्र म्हणून घेतले आहेत. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यापूर्वीचा सर्व इतिहास ठाणे जिल्ह्याच्या नावाखाली नोंदलेला आहे. तलासरीचे वेगळे अस्तित्व तर १९६० च्या राज्यनिर्मितीनंतरचे. जुन्या उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातकडे गेला आणि महाराष्ट्रात राहिलेल्या गावांचे तलासरी झाले. कुष्ठरोगाचे रुग्ण अधिक प्रमाणात आढळणाऱ्या महाराष्ट्रातील जिल्ह्यांत पालघरचा समावेश होतो. त्यामुळे या परिसरात लुळ्या पावलाचा प्रश्न वैद्यकीय पुस्तकापुरता मर्यादित नाही.

विकृतीचे स्वरूप

गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूस, किंचित खाली, पोटरीतील बारीक हाडाच्या मानेला वळसा घालून एक नस पुढे जाते. तिला पेरोनियल किंवा लॅटरल पॉप्लिटियल नस म्हणतात. पाऊल आणि बोटे वर उचलणारे स्नायू या नसेच्या आज्ञेने चालतात. या ठिकाणी नस हाडावर अगदी उघडी असते आणि बोटाने चाचपडता येते. कुष्ठरोगात ती सुजते व हळूहळू निकामी होते. मग पाऊल उचलले जात नाही, चालताना बोटे जमिनीला घासतात आणि ती घासू नयेत म्हणून रुग्ण गुडघा अवाजवी उंच उचलतो. पाऊल टाचेवर न टेकता पुढच्या व बाहेरच्या कडेवर आपटते. त्यातच तळव्याला बधिरता असेल, आणि कुष्ठरोगात ती पुष्कळदा असतेच, तर त्याच कडेवर जखम होते, ती कळत नाही, चिघळते आणि हाडापर्यंत जाते. बोटे 'झडतात' असा जो समज समाजात आहे, त्यामागे बव्हंशी हीच न कळलेल्या जखमांची साखळी असते.

पाऊल लुळे पडण्याचे कारण कुष्ठरोग हेच एकमेव नव्हे. पोलिओ, मणक्यातील नसेवर येणारा दाब, मधुमेह, अर्धांगवायू, गुडघ्याजवळची इजा ही कारणेही आहेत. ग्रामीण भारतात आणखी एका कारणाचा उल्लेख करणे भाग आहे. नितंबात चुकीच्या जागी टोचलेल्या इंजेक्शनाने मांडीच्या मुख्य नसेला इजा होऊन पाऊल लुळे पडल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात वारंवार येतात. तापासाठी 'सुई' मागणारा रुग्ण आणि ती लगेच देणारा अर्धशिक्षित डॉक्टर, असे दोघेही जिथे आहेत तिथे हा धोका आहे. कारण कोणतेही असो, पाऊल वर न उचलले गेल्याने मागची पोटरी व टाचेची शीर आखडत जाते आणि काही महिन्यांत पाऊल खालच्या दिशेने वाकलेल्या अवस्थेतच ताठर होते. लुळे पाऊल हाताने वर आणता येते, आखडलेले येत नाही. व्यायामाची सारी लढाई या दोन अवस्थांमधील अवधीत लढली जाते.

गवत, उकिडवे बसणे आणि चालणे

डहाणू-तलासरीच्या इतिहासात पाय हा श्रमाचा अवयव म्हणून जितका ठळक आहे तितका क्वचितच कोठे असेल. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात येथील वारली हे सावकार-जमीनदारांच्या वेठीत होते. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको दोघेही 'लग्नगडी' म्हणून राबत. मुंबई सरकारने नेमलेल्या सिमिंग्टन यांच्या १९३९ च्या अहवालात आदिवासींच्या या स्थितीची नोंद आहे. २३ मे १९४५ रोजी झरी येथे किसान सभेच्या झेंड्याखाली वारल्यांचा मेळावा झाला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात गवतकापणीचा संप झाला. मुंबईच्या तबेल्यांना लागणारे गवत या पट्ट्यातून जात असे. ५०० पौंड गवताच्या कापणीला अडीच रुपये ही त्या संपातील मागणी होती. तलवाडा येथे झालेल्या गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह काहीजणांना प्राण गमवावे लागले. गोदावरी परुळेकर यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथामुळे हा लढा मराठी वाचकांना ठाऊक आहे.

या लढ्याची चर्चा मजुरी, वेठ आणि जमीन या अंगांनी पुष्कळ झाली आहे. ज्या आसनात ते गवत कापले जाई त्याकडे मात्र इतिहासकारांचे लक्ष गेलेले नाही, आणि जाण्याचे कारणही नव्हते. गवत आणि भात विळ्याने कापताना मजूर तासन् तास उकिडवे बसून पुढे सरकतात. दीर्घकाळ उकिडवे बसल्याने गुडघ्याशेजारची हीच पेरोनियल नस दाबली जाऊन पाऊल लुळे पडते, असे शेतमजुरांच्या संदर्भात वैद्यकशास्त्राने नोंदले आहे. वारली मजुरांत त्या काळी असे किती जण होते हे सांगणारी साधने नाहीत. तशी नोंद ठेवण्याची गरजच कोणाला वाटली नसावी. तथापि, जी नस कुष्ठरोगाने आधीच सुजलेली आहे तिला रोजच्या रोज उकिडव्या आसनाचा ताण देणारे श्रमजीवन हा या परिसरातील विकृतीचा एक घटक मानावा लागेल. चुलीपुढे बसणे, भांडी घासणे, निवडटिपण ही स्त्रियांची कामेही त्याच आसनातील आहेत. 'उकिडवे बसू नका, मांडीवर मांडी टाकू नका' हा सल्ला शहरातील दवाखान्यात सहज दिला जातो. ज्या घरात पाट हेच एकमेव आसन आहे तेथे तो सल्ला म्हणजे काम सोडण्याचा सल्ला ठरतो. पाटाऐवजी वीतभर उंचीचा ओंडका किंवा बाजलेही पुरते, पण हे कोणीतरी त्या घरात जाऊन सांगावे लागते.

चालण्याचेही तसेच आहे. आवणीच्या दिवसांत गुडघाभर चिखल, एरवी आठवड्याचा बाजार, सरपणासाठीचे रान, चैत्रात विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा, आणि तारप्याच्या सुरावर कमरेला हात घालून फेर धरणाऱ्या नाचात पावलांची एकसारखी लय. पाऊल लुळे पडलेला माणूस प्रथम या फेरातून बाहेर पडतो आणि मग मजुरीतून.

कायद्याला दिसलेली जखम

ब्रिटिश राजवटीत कुष्ठरोग हा प्रामुख्याने भटक्या व भिकारी रुग्णांचा, म्हणजे शहराच्या रस्त्यावर दिसणाऱ्यांचा प्रश्न मानला गेला. मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर एच. ए. ॲकवर्थ यांनी बेघर रुग्णांसाठी उभारलेले आश्रयस्थान पुढे त्यांच्या नावाने ओळखले गेले. (हेच ॲकवर्थ शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या साह्याने मराठी पोवाड्यांचा संग्रह करणारे. मराठीच्या अभ्यासकांना ते त्या नात्याने परिचित आहेत, कुष्ठकार्याच्या अभ्यासकांना या नात्याने. दोन्ही नाती एका ठिकाणी क्वचितच येतात.) १८९८ च्या कायद्याने मूळ व्याख्येत ज्याच्या शरीरावर व्रण सुरू झाला आहे अशाच व्यक्तीला कुष्ठरोगी ठरवले. ही व्याख्या बोलकी आहे. राज्यसंस्थेला जखम दिसत होती. जखमेपूर्वी लुळे पडलेले पाऊल आणि त्याही आधी सुजलेली नस दिसत नव्हती. जो व्याख्येत बसला त्याला हलवायचे, कोंडायचे आणि काही व्यवसायांपासून दूर ठेवायचे, एवढाच मार्ग त्या कायद्याला ठाऊक होता. हा केंद्रीय कायदा रद्द होण्यास २०१६ साल उजाडले.

सेवाग्राम आश्रमात गांधीजींनी परचुरेशास्त्रींना स्वतःच्या हाताने मालिश केले, ही घटना सर्वश्रुत आहे. तिच्याकडे करुणेचे उदाहरण म्हणून पाहिले जाते. येथे तिचे दुसरे महत्त्व आहे. ज्या शरीराला स्पर्श करावयाचा नाही असा समाजाचा दंडक होता त्या शरीरावर दररोज, ठराविक वेळी, घरातल्या माणसाने हात चालवणे हीच पुढे पुनर्वसनशास्त्राने सांगितलेल्या घरगुती शुश्रूषेची पूर्वअट होती. लुळ्या पावलाचा व्यायाम दुसऱ्याच्या हाताशिवाय पुष्कळदा होत नाही.

शस्त्रक्रिया आणि तिची सावली

१९४० च्या दशकात सल्फोन औषधे आली आणि कुष्ठरोग बरा होऊ शकतो अशी आशा निर्माण झाली. १९४६ मध्ये वेल्लोर येथे आलेले शल्यतज्ज्ञ डॉ. पॉल ब्रँड यांनी त्यापुढचा प्रश्न विचारला : रोग थांबला तरी हातपाय का नष्ट होत राहतात? बधिर अवयवांना होणाऱ्या, रुग्णाला न कळणाऱ्या इजा हे त्याचे मुख्य कारण असल्याचे त्यांनी दाखवून दिले. रात्री बोटे नाहीशी होण्याचा उलगडा उंदरांनी कुरतडण्यात निघाला, ही त्यांच्या अनुभवातील हकिगत प्रसिद्ध आहे. उपाय म्हणून रुग्णांना मांजरे देण्यात आली. लुळ्या पावलासाठी घोट्याच्या आतील बाजूचा, शाबूत राहिलेला स्नायू पुढे वळवून पाऊल उचलण्याच्या कामी लावण्याची शस्त्रक्रिया रूढ झाली. महाराष्ट्रात डॉ. नोशीर अंतिया यांनी १९५० च्या दशकात पुण्याजवळच्या कोंढवा येथील कुष्ठरुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचे कौशल्य कुष्ठरुग्णांसाठी वापरण्यास प्रारंभ केला आणि पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ती परंपरा रुजवली.

शस्त्रक्रियेच्या इतिहासात शल्यतज्ज्ञाचे नाव राहते. तिच्या आधीचे आणि नंतरचे महिने राहत नाहीत. वस्तुतः वळवावयाचा स्नायू आधी वेगळा ओळखून तो बळकट करावा लागतो. टाचेची शीर आखडलेली असेल तर शस्त्रक्रियेचे फळ कमी होते. नंतर काही आठवडे प्लास्टर आणि त्यापुढे आतल्या बाजूला ओढण्याची सवय असलेल्या स्नायूला 'आता पाऊल वर उचल' हे शिकवणे. मेंदूला नवी आज्ञा शिकवण्याचे हे काम तंत्रज्ञाच्या देखरेखीखाली सुरू होते आणि घरी पूर्ण होते, किंवा होत नाही. मुंबईत के.ई.एम. रुग्णालयात १९५३ मध्ये फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले आणि १९५५ मध्ये हाजीअली येथे अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था स्थापन झाली. डहाणू रोड स्थानकापासून चर्चगेट सुमारे सव्वाशे किलोमीटर. उपनगरी लोकल डहाणूपर्यंत आली ती २०१३ मध्ये. तपासणीसाठी एकदा मुंबईस जाणे शक्य आहे, दररोजच्या व्यायामासाठी नाही. अंतर कमी झाले म्हणून ही अडचण संपत नाही, कारण ती किलोमीटरची नसून रोजच्या मजुरीची आहे.

पोलिओच्या बाबतीत हे सत्य अधिक लवकर उमगले, कारण तेथे रुग्ण मूल होते आणि व्यायाम करून घेणारी आई होती. फातिमा इस्माईल यांनी आपल्या पोलिओग्रस्त मुलीसाठी मद्रासपर्यंत जाऊन उपचार मिळवले, व्यायामाने होणारी सुधारणा स्वतः पाहिली आणि १९४७ मध्ये मुंबईत पोलिओग्रस्त मुलांसाठी दवाखाना सुरू केला. भारतातील शेवटचा नैसर्गिक पोलिओरुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी या प्रदेशाला पोलिओमुक्त घोषित करण्यात आले. त्यापूर्वी ज्यांना पोलिओ झाला त्यांच्या पावलांना मात्र व्यायामाची गरज संपलेली नाही. रोगाचा शेवटचा रुग्ण ही साथीच्या इतिहासातील तारीख असते, अपंगत्वाच्या इतिहासातील नव्हे.

घरातील व्यायाम

हे व्यायाम दिसावयास इतके साधे आहेत की त्यांच्याकडे उपचार म्हणून पाहिले जात नाही. रुग्ण खाटेवर किंवा ओट्यावर पाय लांब करून, गुडघा सरळ ठेवून बसतो. पंचा किंवा जुन्या लुगड्याची लांब पट्टी पावलाच्या पुढच्या भागाखालून घेऊन दोन्ही टोके हातात धरतो आणि पाऊल हळूहळू स्वतःकडे ओढून काही क्षण तसेच धरतो, मग सोडतो. गुडघा वाकला तर पोटरीला ताण बसत नाही, आणि घाईत बहुतेकांचा गुडघा नेमका वाकतो. नस पूर्ण निकामी झालेली नसेल, थोडी हालचाल शिल्लक असेल, तर टाच जमिनीवर टेकवून पाऊल स्वतःच्या बळाने वर उचलावयाचे आणि कमी पडेल तेवढीच हाताची मदत घ्यावयाची. टाचेच्या शिरेसाठी भिंतीसमोर हातभर अंतरावर उभे राहून, तळहात भिंतीला टेकवून, टाचा न उचलता पुढे झुकतात. कुडाची भिंत एवढा भार सोसत नाही. तेथे घराची मेढ किंवा अंगणातले झाड धरावे लागते. पाऊल वर, आत व बाहेर वळवण्याचा व्यायाम घरच्या माणसाने एका हाताने टाच आणि दुसऱ्याने पाऊल धरून करून द्यावयाचा असतो.

व्यायामापूर्वी पाय साध्या पाण्यात सुमारे वीस मिनिटे भिजवून, घट्टे घासून, ओलसर त्वचेवरच खोबरेल किंवा करंजेल तेल लावणे ही कुष्ठरुग्णाच्या स्वयंशुश्रूषेची सर्वत्र शिकवली जाणारी रीत आहे. पाणी गरम नको, कारण बधिर पायाला चटका कळत नाही. शेकोटीशी पाय शेकत बसण्याची हिवाळ्यातील सवय त्याच कारणाने घातक आहे. पट्टीच्या कापडाला गाठ किंवा शिवण असेल तर तिनेही फोड येऊ शकतो, म्हणून व्यायामानंतर तळवा पाहणे हाही व्यायामाचाच भाग समजावा. स्वतःचा तळवा स्वतःला नीट दिसत नाही; तो नातवाने किंवा सुनेने पाहावा लागतो.

या व्यायामांची मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे. व्यायामाने मेलेली नस जिवंत होत नाही. पाऊल लुळे पडू लागल्याचे सहा महिन्यांच्या आत लक्षात आले तर प्रेडनिसोलोनसारख्या औषधाने, वैद्यकीय देखरेखीखाली, नसेचे कार्य परत येण्याची चांगली शक्यता असते. तेव्हा दवाखाना टाळून केवळ मालिश किंवा भगताच्या अंगाऱ्यावर विसंबणे म्हणजे ती मुदत वाया घालवणे होय. भगताला दोष देणे सोपे आहे, परंतु रुग्ण त्याच्याकडे जातो कारण तो पाड्यावर असतो आणि पायाला हात लावतो. व्यायामाचे काम वेगळे आहे : उरलेल्या स्नायूंचे बळ टिकवणे, सांधा मोकळा ठेवणे, शिरेला आखडू न देणे आणि शस्त्रक्रिया झालीच तर तिला योग्य पाऊल शिल्लक ठेवणे.

पावलाला वर धरून ठेवणारी स्प्रिंगची किंवा रबरी पट्टीची साधने आणि मायक्रोसेल्युलर रबराच्या चपला कुष्ठकार्यक्रमातून दिल्या जातात. टाचेला पट्टा नसलेली चप्पल लुळ्या पावलातून निसटते, म्हणून मागचा पट्टा आवश्यक. सपाट रस्त्यावर ही साधने उपयुक्त ठरतात. आवणीच्या चिखलात मात्र कोणतीही चप्पल आणि कोणतीही स्प्रिंग चालत नाही, आणि वर्षाचे उत्पन्न ठरवणारे दिवस तेच असतात. डेव्हिड वर्नर यांच्या 'डिसेबल्ड व्हिलेज चिल्ड्रेन' या १९८७ च्या ग्रंथाने खेड्यातील अपंगांसाठी स्थानिक वस्तूंपासून साधने बनवण्याचा आग्रह धरला. साधन कारखान्यातून यावे की पाड्यावरच्या सुताराकडून, हा प्रश्न त्या ग्रंथानंतरही आपल्याकडे नीट चर्चिला गेलेला नाही.

शिकवणारा कोण?

वर्ध्याच्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाने (स्थापना १९५१) डॉ. वर्देकर यांच्या मार्गदर्शनाखाली सर्वेक्षण, शिक्षण व उपचार या त्रिसूत्रीने घरोघर जाणारा कार्यकर्ता घडवला. १९५५ मध्ये राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा हाच नमुना स्वीकारला गेला. कुष्ठतंत्रज्ञ आणि अवैद्यकीय सहायक ही पदे त्यातून आली. सायकलवर गावोगाव फिरणारा, अंगावरचे चट्टे पाहणारा, गुडघ्याजवळची नस चाचपणारा हा कर्मचारी एकाच रोगाचा जाणकार होता. १९८३ पासूनच्या निर्मूलन कार्यक्रमात बहुविध औषधोपचार आला आणि उपचाराला मुदत मिळाली. मुंबईत डॉ. आर. गणपती यांच्या बॉम्बे लेप्रसी प्रोजेक्टने १९७६ पासून झोपडपट्ट्यांत रुग्णाच्या दारापर्यंत सेवा नेली. डॉ. अंतियांनी १९७० च्या दशकात अलिबाग तालुक्यातील मांडवा येथे अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांना आरोग्याचे ज्ञान देऊन पाहिले. ते ज्ञान त्यांनी पेलले, पण स्थानिक हितसंबंधांना तो प्रयोग पेलला नाही आणि तो थांबला.

डिसेंबर २००५ मध्ये भारताने दर दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण हे राष्ट्रीय पातळीवरील निर्मूलनाचे उद्दिष्ट गाठले. त्याच सुमारास कुष्ठकार्यक्रम सर्वसाधारण आरोग्यसेवेत विलीन करण्यात आला. या निर्णयाची बाजू मजबूत होती : वेगळ्या यंत्रणेमुळे कलंक टिकून राहत होता आणि औषध जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळू लागले हा लाभ खराच आहे. परंतु निर्मूलनाची व्याख्या उपचार चालू असलेल्या रुग्णांच्या संख्येवर बेतलेली होती. औषधांची मुदत संपली की रुग्ण यादीतून वगळला जातो. लुळे पाऊल त्याच्याबरोबर घरी जाते. नस चाचपणाऱ्या अनुभवी बोटांची जागा अनेक कार्यक्रमांच्या नोंदवह्या सांभाळणाऱ्या हातांनी घेतली. अपंगत्व प्रतिबंध व पुनर्वसन हा कार्यक्रमाचा स्वतंत्र भाग कागदावर आहे, पुनर्रचनात्मक शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या रुग्णाला पूर्वी ८,००० आणि पुढे १२,००० रुपये इतके साह्यही ठरवले गेले. शस्त्रक्रियेला अनुदानाचा आकडा आहे. लुगड्याच्या पट्टीने रोज पाऊल ओढावयास शिकवणाऱ्याला असा आकडा नाही.

याच डहाणू तालुक्यात या प्रश्नाचे एक उत्तर अन्य क्षेत्रात पूर्वीच शोधले गेले होते. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर ते कार्य नेले. मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी शाळा अंगणात नेली, तीच अंगणवाडी. गुरे राखणारी मुले अंगणातही सापडत नव्हती म्हणून ती कुरणात नेली, तीच कुरणशाळा. अंगणवाडीची कल्पना पुढे देशभर गेली. पावलाच्या व्यायामाला लागणारी जागा हीच आहे : अंगण, ओटा, मेढ. २००५ नंतरच्या ग्रामीण आरोग्य अभियानातील आशा कार्यकर्ती ही या अंगणात प्रवेश असलेली व्यक्ती आहे. संशयित चट्टा शोधून रुग्णाला केंद्रात पाठवण्याचे काम तिच्याकडे दिलेले आहे. टाच टेकवून पाऊल वर उचलावयास सांगणे आणि ते सबळ, दुबळे की लुळे हे पाहणे यास दोन मिनिटे लागतात; पूर्वीचा अवैद्यकीय सहायक नेमके हेच करीत असे.

पाड्यांचे वार्षिक वेळापत्रक मात्र कोणत्याही कार्यकर्तीच्या हाताबाहेरचे आहे. भातकापणी आणि दिवाळी आटोपली की डहाणू-तलासरीची कुटुंबे वसई, भिवंडी, ठाणे या बाजूंच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. व्यायामाचा परिणाम दिसण्यास लागणारे महिने हेच आहेत. भट्टीवर चिखल मळताना आणि विटा पाडताना माणूस पुन्हा उकिडवाच बसतो. गावातील नोंदवहीत त्या काळात त्याच्या नावापुढे 'स्थलांतरित' अशी नोंद होते, आणि जून महिन्यात तो परत येतो तेव्हा टाच जमिनीला टेकते की नाही हे पाहण्याआधी आवणी सुरू झालेली असते.